चौकडीचा शर्ट

पडद्यावर मान खाजवत बसलेला म्हातारा आपणच आहोत हे पुंडलिकरावांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तोवर ते त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होते. टाळूमागे केस गेलेला पुरीएवढा गोल, कानातून बाहेर आलेले दोन-चार राठ पांढरे केस, कॉलरच्या घडीत साचलेली घामाची काळी रेघ. हा कोण आत येऊन बसला, शेठला विचारलं पाहिजे, असं त्यांच्या मनात येऊन गेलंसुद्धा. मग त्यांनी मान वळवली तर त्यानंही वळवली. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. आपण गप्प बसलेलो असताना स्वतःशी बोलतो हे त्यांना त्रेसष्ट वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

“कानातले केस मोजून घ्या काका,” शिडीवरून संजय म्हणाला. तो यवतमाळहून कॅमेरे बसवायला आलेला. कालपासून जिनिंगभर वायरी ओढत फिरत होता. “जुना डब्बा अन् हा, जमीन-अस्मानचा फरक हाय.”

टेबलापलीकडे राजकुमारशेठ हसले. कापसाचं हे जिनिंग त्यांच्या वडिलांनी घाटंजीबाहेर यवतमाळ रस्त्याला उभं केलं होतं, आणि कापसाच्या गंजीवरून अर्ध्या चड्डीत घसरणारा राजकुमार पुंडलिकरावांनी पाहिला होता. आता तोच त्यांना बाबू म्हणत असे आणि ते त्याला शेठ. हंगाम दहा दिवसांवर आला होता. वजनकाट्याची पूजा व्हायची होती, सरकी वेगळी काढणारे रेचे तेल पाजून ठेवले होते, आणि अजून कापूस नसलेल्या त्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये एक भकास स्वच्छता होती. सोळा नवे कॅमेरे त्या रिकाम्या जागेकडे पाहत होते. जमिनीवर पडलेला गेल्या सालचा सरकीचा दाणासुद्धा पडद्यावर दिसत होता. पुंडलिकरावांना ते बघवेना. इतकं दिसायची काही गरज आहे का, असं त्यांना वाटलं, आणि लगेच, आपल्याला असं का वाटतं, याची भीती वाटली.

कारण ओळखण्यावरच त्यांचं पोट तीस वर्षं चाललं होतं. हंगामात सकाळी आठला चाळीस-पंचेचाळीस बाया गेटातून आत येत. कापसाची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून प्रत्येकीनं डोक्यातोंडाला फडकं गुंडाळलेलं, नुसते डोळे उघडे; लुगड्यावर पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सगळ्या एकसारख्या. पण हजेरीच्या खिडकीत बसलेले पुंडलिकराव कुणालाही नाव विचारत नसत. ते मान खाली घालून फक्त पावलं पाहत आणि रजिस्टरात खुणा करीत जात. रुपीबाई डाव्या टाचेवर भार देई, बबिता वाटेत नसलेलं काहीतरी ओलांडल्यासारखी चाले, हंसाबाई चप्पल ओढत येई पण शेवटचं पाऊल उचलून ठेवी. मोठे शेठ असताना पाहुण्यांना मुद्दाम खिडकीपाशी आणत. एकदा त्यांनी दोघी बायांना आपसात शर्ट बदलायला लावले होते, तरी पुंडलिकरावांनी बरोबर नावं लिहिली आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत, नात्यात, लग्नात त्यांच्यासाठी दुसऱ्या कशाला टाळ्या वाजल्या नव्हत्या. ही कला त्यांना कशी आली हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाईमाणसाच्या तोंडाकडे पाहायची त्यांना लहानपणापासून लाज वाटे, म्हणून ते खाली पाहत, एवढंच. तीस वर्षांत त्या पंचेचाळीस जणींपैकी एकीचा चेहरा डोळे मिटून आठवा म्हटलं असतं तर त्यांना आठवला नसता.

“जुन्यातलं काही हाय का हो शेठ?” संजयनं शिडीवरून उतरत विचारलं. “बाजूबाजूला लावून दाखवतो. लोकाइले पटत नाही पैसा कायले लावला ते.”

“हाय न,” शेठ म्हणाले आणि त्यांनी आपल्या मोबाईलमधून काहीतरी पाठवलं. मोठ्या पडद्याच्या अर्ध्या भागावर एक धुरकट चौकोन उघडला. पुंडलिकरावांनी तो पाहताक्षणी ओळखला. ऑफिसबाहेरचा व्हरांडा, भिंतीचा रंग राख कालवल्यासारखा, डावीकडून एक आकृती येते, दारात शिरते, थोड्या वेळानं बाहेर पडते आणि जाते. चाळीस सेकंद. गेल्या जानेवारीपासून पुंडलिकरावांनी ते मनात इतक्यांदा पाहिलं होतं की आता प्रत्यक्ष पडद्यावर ते मनातल्यापेक्षा लहान आणि काहीसं निरुपद्रवी वाटलं.

संजय चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ गेला. “हे काय हाय? बाई हाय का बुवा? यातून तं म्हैस अन् माणूस सारखाच दिसते.”

“आमच्या बाबूनं ओळखली होती,” शेठ म्हणाले. “एका नजरेत.”

“याच्यातून?” संजयनं वळून पाहिलं. तो थट्टेनं हसत होता, पण डोळ्यांत खरंच आश्चर्य होतं. “मंग काका, माझा हातही पाहून द्या एकदा.”

जानेवारीतल्या त्या दिवशी आदिलाबादचा एक व्यापारी सरकी काढलेली रुई पाहायला आला होता. त्यानं आपला फोन ऑफिसच्या टेबलावर ठेवला, शेठबरोबर गठाणी पाहायला गेला, आणि परत आला तर फोन नाही. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. मग हेच चाळीस सेकंद छोट्या पडद्यावर पुन्हा पुन्हा लावले गेले. शेठ, व्यापारी आणि चौकीदार भीमसिंग. “कोण हाय बाबू? तुमीच सांगा,” शेठ म्हणाले, आणि सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली. पुंडलिकराव सवयीनं खाली, आकृतीच्या पायांकडे पाहायला गेले. पाय नव्हते. कॅमेऱ्याचं चित्र गुडघ्यावरच संपत होतं. पाय दिसत नाहीत शेठ, मला सांगता येणार नाही. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, ते जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात व्यापारी म्हणाला, “रहने दो सेठ, बुढ्ढे को क्या दिखेगा.” तो काही रागानं म्हणाला नव्हता, कंटाळून म्हणाला होता. पुंडलिकरावांचे कान तापले. त्यांनी पुन्हा पाहिलं आणि त्यांना शर्टावरची चौकडी दिसली, आणि खिशापाशी एक काळा डाग. डाग पाहून त्यांना केवढा आनंद झाला होता. तो त्यांच्या पेनाच्या शाईचा डाग होता. तो त्यांचाच जुना शर्ट होता, आणि तो हंसाबाईला देते असं शीला चारच दिवसांपूर्वी म्हणाली होती. “हंसाबाई,” ते म्हणाले. व्यापारी म्हणाला, “वाह.” तो ‘वाह’ पुढे दोन-तीन दिवस त्यांना उबदार पांघरुणासारखा पुरला होता. ही गोष्ट आता आठवताना त्यांना स्वतःची इतकी किळस आली की पडद्यावरच्या उजव्या अर्ध्या भागातला म्हातारा खुर्चीत हलला.

त्यानंतर काय झालं ते त्यांनी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. हजेरीच्या खोलीचं दार आतून लावून ते बसले होते. बाया गेटाशी रांगेत उभ्या केल्या गेल्या. हंसाबाईची फडक्यातली शिदोरी सोडली, तिला शर्ट काढून झटकायला लावला, लुगड्याचा ओचा सोडायला लावला. फोन सापडला नाही, म्हणजे तो तिनं आधीच कुणाकडे तरी सरकवला असणार, असं ठरलं. ती ओरडली नाही. एकच गोष्ट सारखी म्हणत राहिली, “पुंडलिकभाऊले बोलवा. त्याइले पुसा मी कशी हाय ते.” आणि भीमसिंगनं सांगितलं की बाबू दुपारीच सुट्टी घेऊन गेले. तसं सांगायला त्यांनीच त्याला सांगून ठेवलं होतं. मग त्यांनी पट्टी घेतली आणि रजिस्टरात तिच्या नावावर सरळ, स्वच्छ रेघ मारली. रेघ वाकडी जाऊ नये म्हणून श्वास रोखून धरल्याचं त्यांना आठवत होतं.

आज दुपारी, पडद्यापुढून उठून, ते जेवायला घरी गेले. शीलानं वांग्याची भाजी वाढली आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, “हंसाबाई आलती सकाळी.”

पुंडलिकरावांनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला.

“म्हणे, जिनिंग चालू होऊन राह्यली, भाऊनं शेठपाशी शब्द टाकला तं घेतील. बाकीच्या दोन्ही जिनिंगवाल्याइनं उभी नाही केली तिले. शेतात निंदाले गेली तं बाया धुऱ्यावर डबे ठेवत नाहीत तिच्यापाशी. मोबाईलवाली म्हणतात तिले. लहान लहान पोरी म्हणतात.” शीलानं भाजीचं भांडं पुढे सरकवलं. “तुमी त्या दिवशी सुट्टीवर कुठी गेलते? मले तं आठवत नाही.”

“गेलतो बँकेत,” ते म्हणाले. मग भाजीत बोट फिरवत त्यांनी विचारलं, “माझा तो चौकडीचा शर्ट. खिशावर शाई सांडली होती तो. तू तिलेच देला होता न?”

“कोणता? दिवाळीचा?”

“हो.”

“तो कायले देते. कॉलर पार गेली होती. बाईमाणसाले असा फाटका देऊन आपलीच शोभा. फाडलं अन् पोतेरं केलं त्याचं.” तिनं हनुवटीनं चुलीच्या ओट्याकडे दाखवलं. “अन् चौकडीचं काय घेऊन बसले. मोठ्या शेठनं त्या साली सगळ्याइले एकाच ताग्यातलं कापड वाटलं होतं दिवाळीले. चौकीदाराले, डायवरले, हमालाइले. आता ते सगळे शर्ट बायाइच्या अंगावर हायेत. अर्धी घाटंजी एका ताग्यातली हाय तुमची.”

ओट्याच्या कडेला ते पोतेरं पडलं होतं. निळी आणि तपकिरी चौकडी राखेनं मळलेली, पण खिशाचा तुकडा शाबूत, आणि त्यावर शाईचा डाग. इतके महिने ते ह्याच्याशेजारून चालत पाणी प्यायला गेले होते. पुंडलिकरावांनी आठवून पाहिलं: हंसाबाईच्या अंगावर आपण तो शर्ट कधी पाहिला होता का? त्यांना दिसला होता, रांगेत, खिडकीसमोर, अगदी खिशावरच्या डागासकट दिसला होता. म्हणजे जे नव्हतं ते त्यांना दिसलं होतं. मग उरलेली तीस वर्षं? त्या टाळ्या, त्या खुणा, ती न चुकलेली नावं? कदाचित बायाच दमून, हसून, ‘हो भाऊ’ म्हणत राहिल्या असतील, आणि चुकलेली हजेरी आपसात निस्तरत असतील. हे त्यांना इतकं शक्य वाटलं की त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. शीला म्हणाली, “मीठ कमी झालं का?” त्यांना तिचा राग आला. तिनं शर्ट दिला असता तर, निदान दिला असता तर, आपल्याला काहीतरी आधार राहिला असता. हा विचार किती नीच आहे हे कळत असूनही ते त्याला थोडा वेळ चिकटून राहिले.

परत आले तेव्हा हंगामासाठी नाव लिहायला बाया आल्या होत्या. नव्या पडद्यावर त्या शेडमध्ये ओळीनं बसलेल्या दिसत होत्या. बायाही सवयीनं तोंड बांधून आल्या होत्या. शेठ माउसनं एकेकीला जवळ आणत होते. फडक्याचे धागे, भुवईवरचं गोंदण, नखातली हळद. पुंडलिकराव मोजू लागले. चौकडीचे शर्ट सात. पाच जणींच्या खिशात मोबाईल होता आणि विटलेल्या पातळ कापडातून तो काळा, चौकोनी, डागासारखा दिसत होता. जानेवारीतलं चित्र लहान आणि धुरकट होतं तोवर ते खरं होतं. आता ते सात ठिकाणी बसलं होतं आणि आपसात बोलत होतं.

“शेठ,” पुंडलिकराव म्हणाले. संजय कोपऱ्यात वायरीला टोक लावत होता. त्याच्यासमोर बोलावं की नाही ह्यात थोडा वेळ गेला. “जानेवारीत मी जे नाव सांगितलं, ते चुकलं होतं. ती हंसाबाई नव्हती. म्हणजे असेलही, पण मला ओळखू आलं नव्हतं. शर्ट तिचा नव्हता.”

शेठनं माउस सोडला नाही. “मले माहीत हाय.”

“काय?”

“फोन आठ दिवसांनी सापडला न त्या माणसाले. त्याच्याच गाडीत, सीटच्या खाली. त्याचा डायवर टेबलावरून घेऊन गेलता गाडीत ठेवाले, अन् विसरला. मले फोन करून सांगतलं त्यानं, माफी मागतली.”

“डायवर?” पुंडलिकराव म्हणाले. “मग ती... आत गेलेली...”

“असंन कोणी. पाणी प्याले गेली असंन. थंड पाण्याचा माठ आतमंधीच हाय.” शेठनं एका बाईच्या हाताला जवळ आणलं, पाहिलं, सोडून दिलं. “तुमी कायले टेन्शन घेता बाबू. त्या चित्रात कोणाले काही ओळखू येत नाही हे मले तवाच दिसत होतं. मले एक नाव पाहिजे होतं, तुमी देलं. मी तं भीमसिंगचं काम समजून चाललो होतो. चौकीदार काढला असता तं माझीच पंचाईत झाली असती.”

“तिला परत घ्यायला पाहिजे,” पुंडलिकराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी जेवणापासून घोकून आणलं होतं, तरी ते विचारल्यासारखं बाहेर पडलं.

“कायले? त्या दिवसापासून एक बाई ऑफिसकडे फिरकली नाही. कोणी मूठभर वातीचा कापूससुद्धा नेला नाही. आता तिले घेतलं तं बाकीच्या चाळीस म्हणतील, शेठ चुकला. अन् शेठ चुकला म्हटल्यावर बाबूचंही नाव निघंन.” शेठनं प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, धमकीही नव्हती. होती ती समजूत काढणाऱ्या माणसाची माया. “यंदा हजेरी ह्या पडद्यावरून घ्या. उन्हातान्हात खिडकीत बसू नका. खुर्चीही आणतो चांगली.”

पुंडलिकराव बसले. काही वेळानं त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला मोकळं वाटतं आहे. शेठला माहीत होतं, म्हणजे चूक आपल्या एकट्याची नव्हती. मोकळं वाटणं त्यांनी थांबवून पाहिलं, पण ते थांबेना.

“गेटावर कोणी हाय,” संजय म्हणाला. त्यानं पहिला कॅमेरा मोठा केला. गेटाच्या खांबापाशी एक बाई उभी होती, डोकं उघडं, तोंडाला काही बांधलेलं नाही. गालफडं बसलेली, वरचा एक दात नाही, कपाळावर आठ्यांत कुंकू ओघळलेलं. पुंडलिकरावांनी हा चेहरा कधी पाहिला नव्हता. मग बाई दोन पावलं सरकली, चप्पल ओढत, शेवटचं पाऊल उचलून ठेवत.

“हे कोण?” शेठनं विचारलं.

“हंसाबाई,” पुंडलिकराव म्हणाले. ह्या वेळी त्यांना खात्री होती.

“घ्या. नाव काढलं अन् आली.” शेठ खुर्चीत रेलले. “संजय, याच्यातून बोलताही येते म्हणे?”

“येते न. हे दाबाचं अन् बोलाचं. तिचंही आयकू येते.” त्यानं आवाज वाढवला. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज खोलीत भरला, मग बाईचा श्वास.

“सांगा बाबू तिले. यंदा भरती झाली म्हणा. उन्हात कायले ताटकळत ठेवता.”

पुंडलिकरावांनी बटण दाबलं. पडद्यावर बाई दचकून इकडेतिकडे पाहू लागली, कारण त्यांनी नुसताच घसा खाकरला होता. मग तिला खांबावरचा डबा सापडला आणि ती मान वर करून त्यांच्याकडे, थेट त्यांच्या डोळ्यांत, पाहू लागली.

“भरती झाली,” ते म्हणाले. “यंदा जागा नाही.”

“मी हंसा होय,” ती डब्याला म्हणाली. “पुंडलिकभाऊ हायेत का अंदर? त्याइले बोलवा. त्याइले सगळं माहीत हाय. त्या दिवशी ते सुट्टीवर होते म्हणून झालं सगळं. ते असते तं त्याइनं होऊ देलं नसतं.”

शेठनं तोंडावर हात धरला. त्यांचे खांदे हलत होते. संजय एकदा शेठकडे, एकदा म्हाताऱ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. पुंडलिकरावांचं बोट बटणावर होतं. मीच आहे, म्हणायचं. नाव मी सांगितलं, म्हणायचं. गेट इथून शंभर पावलांवर होतं. उठून जाताही आलं असतं. त्यांना आपले गुडघे आठवले, बाहेरचं ऊन आठवलं, शेडमध्ये बसलेल्या चाळीस बाया आठवल्या, ज्यांच्यासमोरून जावं लागलं असतं.

“पुंडलिकराव नाहीत,” ते म्हणाले. “त्यांनी आजच काम सोडलं.”

तिचा चेहरा इतका स्पष्ट होता की त्यातून एकेक गोष्ट जाताना दिसली.

“आवाज तं त्याइच्यासारखाच लागते,” ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. “पण असंन. डब्ब्यातून सगळ्याइचे आवाज सारखेच येत असतीन.” तिनं पदर डोक्यावर घेतला. “बरं झालं सोडलं तं. म्हाताऱ्या माणसाले किती राबवाचं. भेटले तं सांगजा, हंसा आलती. म्हणा, तुमच्यावर काही राग नाही तिचा.”

ती वळली आणि रस्त्याला लागली. कॅमेरा तिला बऱ्याच लांबपर्यंत दाखवत होता. चपलेचा तुटका अंगठासुद्धा दिसत होता. ती पार वळणापाशी दिसेनाशी झाली तरी पुंडलिकरावांनी बटणावरून बोट काढलं नव्हतं, आणि गेटावरच्या डब्यातून त्यांचा श्वास रिकाम्या रस्त्यावर पडत होता.

“सोडा आता काका,” संजय हळूच म्हणाला.

त्यांनी सोडलं. मग पुंडलिकरावांनी विचारलं, “हे आवाजही साठवून ठेवते का?”

“ठेवते न. तीस दिवस. मंग आपोआप पुसल्या जाते, अन् त्याच्यावर नवीन चढते.”

पुंडलिकरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि ओठ हलवत दिवस मोजले. मग रजिस्टर पुढे ओढून ते म्हणाले, “पाठवा पहिलीला.”